व्हिसा नको, पण परतीचे तिकीट दाखवा: पुढील प्रवासाच्या पुराव्याचा नियम

मागच्या हिवाळ्यात मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर, रात्री दीडच्या सुमारास, चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे नाशिकचे एक तरुण जोडपे उभे होते. ते बालीला निघाले होते. बॅगा वजनकाट्यावर चढल्या, पासपोर्ट काउंटरवर गेले आणि पलीकडच्या मुलीने विचारले, "परतीचे तिकीट दाखवता का?" किती दिवस राहायचे ते अजून ठरलेले नाही, तिकीट तिकडे गेल्यावरच काढू, असे त्या तरुणाने अगदी सहज सांगितले. तिने स्क्रीनवरची एक ओळ त्यांना वाचून दाखवली, बॅगा उतरवून घ्यायला सांगितल्या आणि मला पुढे बोलावले. त्यानंतरचा पाऊण तास ते दोघे खांबाला टेकून मोबाइलवर तिकीट शोधत होते. तिकिटे मिळत होती, पण पैसे भरले जात नव्हते, कारण त्यांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय सुरूच केलेली नव्हती. अखेर घरी वडिलांना झोपेतून उठवून, त्यांच्या क्रेडिट कार्डाचा नंबर आणि ओटीपी फोनवर घेऊन तिकीट निघाले, तेव्हा काउंटर बंद व्हायला काही मिनिटेच उरली होती.

त्या दोघांनी कसलाही नियम मोडला नव्हता. भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, हे त्यांनी नीट वाचले होते. हा व्हिसा मिळण्यासाठी परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट हातात असावे लागते, ही त्याच नियमातली दुसरी ओळ मात्र त्यांच्या वाचनातून निसटली होती. ती अनेकांच्या वाचनातून निसटते आणि तिची किंमत फार महाग पडते, म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा असे मला वाटते.

पुढील प्रवासाचा पुरावा म्हणजे, ज्या देशात आपण पाहुणे म्हणून जात आहोत तो देश ठरलेल्या मुदतीच्या आत आपण सोडणार आहोत, हे दाखवणारा कागद. तो बहुतेक वेळा विमानाच्या तिकिटाच्या रूपात असतो. हे तिकीट मायदेशी परतण्याचेच असले पाहिजे असे नाही, तिसऱ्या देशाचे असले तरी चालते. म्हणूनच नियमांमध्ये 'परतीचे किंवा पुढील प्रवासाचे तिकीट' असे शब्द असतात. आपल्या बोलण्यात दोन्हींना सरसकट 'रिटर्न' म्हटले जाते, त्यामुळे क्वालालंपूरहून बँकॉकला आणि तिथून कोलंबोमार्गे घरी येणाऱ्या प्रवाशाला आपल्याकडे 'रिटर्न' नाही असे वाटून उगाच घाबरायला होते. त्याच्याकडची तिकिटांची ही साखळी हाच त्याचा पुरावा असतो.

नियम परक्या देशाचा असताना प्रश्न मुंबईच्या काउंटरवरची कर्मचारी का विचारते, हा खरा समजून घेण्यासारखा भाग आहे. १९४४ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला आणि त्याला पुढे जी परिशिष्टे जोडली गेली, त्यांतील नववे परिशिष्ट प्रवाशांची ये-जा आणि कागदपत्रे यांविषयी आहे. प्रवाशाकडे वाटेतल्या आणि पोहोचण्याच्या देशाने मागितलेली कागदपत्रे आहेत की नाहीत, याची खबरदारी विमानात चढण्यापूर्वीच घेण्याचे काम या परिशिष्टाने विमान कंपनीवर सोपवले आहे. एखाद्या प्रवाशाला तिकडच्या अधिकाऱ्याने प्रवेश नाकारला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारीही त्याला आणणाऱ्या कंपनीवर येते आणि त्या खर्चाची वसुली कंपनी पुढे प्रवाशाकडून करू शकते. यावर निरनिराळ्या देशांचे दंड वेगळेच आहेत. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार योग्य कागदपत्रांविना आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला हजारो युरोंचा दंड होऊ शकतो, आणि ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक प्रवाशामागे २,००० पौंडांची आकारणी होते. भारतही याला अपवाद नाही. योग्य कागदपत्रांविना परदेशी प्रवाशाला इथे आणणाऱ्या कंपनीला दर प्रवाशामागे एक लाख रुपयांचा दंड लावणारा कायदा आपल्याकडे २००० साली झाला होता, आणि तो विषय आता २०२५ च्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यात सामावला गेला आहे.

म्हणजे काउंटरवर बसलेली व्यक्ती आपल्यावर संशय घेत नसते, तर आपल्यामुळे कंपनीला भुर्दंड पडणार नाही ना याची खातरजमा करत असते. हे एकदा लक्षात आले की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हेही कळते. "मी त्या देशात चार वेळा जाऊन आलो, कोणीही विचारले नाही," हे वाक्य खरे असले तरी तिच्या उपयोगाचे नसते. तिच्यापुढे एक संगणकीय यादी असते. तिचे नाव टिमॅटिक. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ही सेवा १९६० च्या दशकापासून चालत आली आहे, आणि देशोदेशींचे पासपोर्ट, व्हिसा व आरोग्यविषयक नियम तिच्यात सतत नव्याने भरले जातात. आपले नागरिकत्व, आपण कोणत्या देशाचे रहिवासी आहोत, पासपोर्टची मुदत, वाटेतले थांबे, जाण्याचे ठिकाण आणि मुक्कामाचे दिवस एवढी माहिती भरली की उत्तर समोर येते. त्या उत्तरात परतीचे तिकीट बंधनकारक आहे असे लिहिलेले असेल, तर ते पाहिल्याशिवाय बोर्डिंग पास देण्याची मुभा तिला नसते. ऑनलाइन चेक-इन करताना 'कागदपत्रे काउंटरवर दाखवा' असा संदेश येऊन बोर्डिंग पास अडकतो, त्यामागेही बहुधा हीच तपासणी असते. एकाच विमानातल्या दोन मराठी प्रवाशांना वेगवेगळी वागणूक मिळते तीही यामुळेच, कारण एकाकडे भारतीय पासपोर्ट असतो आणि दुसऱ्याकडे त्या देशाचा रहिवासी परवाना.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आपल्या लोकांना अधिक वेळा विचारला जाऊ लागला आहे आणि त्याचे कारण आनंदाचे आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय किंवा पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर जाता येईल असे देश वाढले. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी विनाव्हिसा प्रवेश दिला, थायलंडने त्याच्या तीन आठवडे आधी असाच निर्णय घेतला होता आणि फिलिपिन्सने जून २०२५ मध्ये १४ दिवसांची सवलत जाहीर केली. मालदीवमध्ये मोफत व्हिसा विमानतळावरच मिळतो. पूर्वी व्हिसा काढताना दूतावासात आपले तिकीट, बँकेचे विवरण, हॉटेलचे आरक्षण तपासले जाई आणि एकदा शिक्का बसला की विमानतळावर फारसे प्रश्न उरत नसत. व्हिसा गेला तेव्हा ही तपासणी संपली नाही, ती काउंटरवर आणि तिकडच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर सरकली. 'व्हिसा फ्री' या शब्दांवर विसंबून निघालेला प्रवासी नेमका इथे फसतो. फिलिपिन्स तर या बाबतीत कडक म्हणूनच ओळखला जातो, तिथे १४ दिवसांच्या आत बाहेर पडण्याचे तिकीट नसेल तर विमानात बसायला मिळण्याची आशा धरू नये. या सवलती आणि त्यांच्या मुदती देश मधूनच कमी-जास्त करतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात अशी दोनदा त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. मागच्या वर्षीचा यूट्यूब व्हिडिओ पाहून निघू नये.

आता दिवसांचा हिशोब. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू. ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे. बहुतेक देशांत, इंडोनेशिया आणि थायलंड धरून, पोहोचण्याचा दिवस हा पहिला दिवस मोजला जातो. १ जानेवारीला उतरलेल्या माणसाचे ३० दिवस ३० जानेवारीला संपतात, ३१ तारखेचे परतीचे तिकीट एका दिवसाने चुकते आणि काउंटरवरचा संगणक तो एक दिवस सोडून देत नाही. मुंबईहून रात्री अकराला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी पोहोचते, तेव्हा मोजणी निघण्याच्या नव्हे तर उतरण्याच्या तारखेपासून करायची. उलट, परतीचे विमान मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला असेल, तर तारीख पुढची धरली जाते. असे विमान पकडायला आपण हॉटेलमधून आदल्या रात्रीच निघतो, त्यामुळे आपल्या मनात मात्र आदलीच तारीख असते. इंडोनेशियाचा पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा तिथे गेल्यावर आणखी ३० दिवस वाढवून मिळू शकतो. पण जी मुदतवाढ अजून मिळालेली नाही तिच्या भरवशावर पंचेचाळिसाव्या दिवसाचे तिकीट दाखवले, तर काउंटरवर अडवले जाण्याचा धोका राहतो. अशा बेतात पहिल्या ३० दिवसांच्या आतले, तारीख बदलता येईल असे तिकीट घेणे शहाणपणाचे.

दुसरी मोठी चूक तिसऱ्या देशाबाबत होते. पुढच्या देशाचे तिकीट तेव्हाच पुरावा ठरते, जेव्हा त्या पुढच्या देशात शिरण्याचा आपल्याला अधिकार असतो. बँकॉकहून सोलचे तिकीट दाखवले पण दक्षिण कोरियाचा व्हिसा पासपोर्टवर नाही, तर त्या तिकिटाने काही सिद्ध होत नाही, कारण तिथले विमान आपल्याला घेणारच नाही. सिंगापूरचे उदाहरण आपल्या प्रवाशांच्या विशेष जवळचे आहे. भारतीयांना एरवी सिंगापूरचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या ठरावीक देशांचा वैध व्हिसा असलेल्या आणि तिसऱ्या देशाकडे जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्या प्रवाशाला ९६ तास विनाव्हिसा थांबता येते. त्या ९६ तासांच्या आत सिंगापूर सोडणारे पक्के तिकीट ही या सवलतीची अटच आहे. तिकीट नसेल तर सवलतही नाही.

रस्त्याने, रेल्वेने किंवा बोटीने पुढे जायचे असेल तर प्रकरण नाजूक होते. थायलंडमधून मलेशियात रेल्वेने उतरता येते, सिंगापूरहून इंडोनेशियाच्या बाटाम बेटावर फेरी बोट जाते, क्वालालंपूरहून सिंगापूरला दिवसभर बसगाड्या सुटतात. पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांना हे मार्ग स्वस्त आणि सुंदर वाटतात, आणि ते तसे आहेतही. पण काही देशांचा नियम कोणत्याही साधनाचे तिकीट मान्य करतो, काही ठिकाणी विमानाच्या तिकिटाचाच आग्रह धरला जातो, आणि संदिग्धता असेल तिथे काउंटरवरचा माणूस स्वतःच्या कंपनीच्या बाजूने कौल देतो. म्हणून बसचे तिकीट असेल तर त्यावर प्रवाशाचे नाव, तारीख आणि सीमेपलीकडचे गाव छापलेले असेल असे पाहावे आणि विमान कंपनीला आधीच ई-मेल करून लेखी उत्तर घ्यावे. ते उत्तर मोबाइलमध्ये उघडून काउंटरवर दाखवता आले, तर बोलणे पटकन संपते.

एकेरी तिकिटावर निर्धास्त जाणारेही पुष्कळ असतात. विद्यार्थी व्हिसा, नोकरीचा परवाना किंवा कायमचा रहिवास असणाऱ्यांकडे परतीचे तिकीट सहसा मागितले जात नाही, कारण ते राहण्यासाठीच चाललेले असतात. मात्र तो परवाना किंवा त्याचे पत्र हातातल्या बॅगेत असावे, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे. आई-वडिलांच्या अमेरिकावारीचा प्रश्न जरा वेगळा आहे. पर्यटक व्हिसा असलेल्यांना परतीचे तिकीट दाखवलेच पाहिजे असा सरसकट नियम नाही, पण उतरल्यावर किती दिवस राहू द्यायचे हे तिथला अधिकारी ठरवतो, साधारणपणे सहा महिने देतो, आणि "परत कधी जाणार?" हा प्रश्न हमखास विचारतो. न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आजींना इंग्रजीत सगळे समजावून सांगणे अवघड वाटत असेल, तर परतीचे छापील तिकीट हे त्यांच्या वतीने बोलते. म्हणून नियम नसला तरी ते काढूनच पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश किंवा पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले मराठी आणि गोवेकर यांच्यासाठी अमेरिकेचा वेगळा मार्ग आहे. त्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय ९० दिवसांपर्यंत जाता येते, पण विमानाने जाणाऱ्यांकडे परतीचे किंवा पुढील प्रवासाचे तिकीट असावे लागते. हे तिकीट कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या बेटांवर संपत असेल तर चालत नाही, प्रवासी तिथलाच रहिवासी असेल तेवढाच अपवाद. "न्यूयॉर्कहून टोरोंटोला भावाकडे जाऊ आणि पुढचे तिथे बघू" हा बेत म्हणूनच लंडनच्या काउंटरवर अडतो.

याउलट एक नियम आपल्यापैकी काही जणांना थेट भारतात, निघतानाच लागू होतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. असा पासपोर्ट असलेली व्यक्ती आखाती देशांसह ठरवून दिलेल्या १८ देशांत, ज्यांत मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत, नोकरीव्यतिरिक्त अन्य कारणाने निघाली असेल, तर वैध पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर परतीचे तिकीटही पाहिले जाते. पर्यटक म्हणून नेऊन परदेशात राबवून घेतले जाणाऱ्या मजुरांचे संरक्षण हा त्यामागचा हेतू आहे. दुबईला मुलाकडे महिनाभर राहायला निघालेल्या मावशींना त्याचा जाच वाटू शकतो, पण परतीचे तिकीट फाइलमध्ये असले तर विषय तिथेच संपतो.

व्हिसाच्या अर्जासाठी लागणारा कागद आणि काउंटरवर लागणारा कागद यांत गल्लत करू नये. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत जाण्या-येण्याचे आरक्षण जोडावे लागते, पैसे भरलेले तिकीट नव्हे, आणि व्हिसा हाती येईपर्यंत पक्के तिकीट काढू नका असे अनेक दूतावास स्वतःच सुचवतात. आरक्षण म्हणजे विमान कंपनीच्या यंत्रणेत आपल्या नावाची जागा काही काळ धरून ठेवणे. तिला सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळतो. तिकीट मात्र पैसे भरल्यावरच निघते आणि त्याला तेरा आकडी क्रमांक असतो, ज्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीची खूण असतात. उदाहरणार्थ, एअर इंडियाची ०९८. काउंटरवर जाणकार कर्मचारी हाच तेरा आकडी क्रमांक शोधतो. नुसता पीएनआर असेल आणि पैसे न भरल्याने मुदत संपून तो रद्द झालेला असेल, तर छापील कागदावर तो कितीही खरा दिसला तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

इथेच 'डमी तिकीट' नावाच्या व्यवहाराविषयी बोलायला हवे, कारण दोन-चारशे रुपयांत ते काढून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एजंटने विमान कंपनीच्या यंत्रणेत खरोखर धरून ठेवलेली जागा ही एक. ती खोटी नसते, पण कधी सुटेल ते आपल्या हातात नसते. दुसरी म्हणजे जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव आणि तारीख बदलून दिलेला कागद. ही बनावट आहे आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. तिकडच्या इमिग्रेशनने तो पकडला तर पहिल्याच विमानाने परतपाठवणी होते, आणि प्रवेश नाकारल्याची नोंद पुढच्या अनेक व्हिसा अर्जांत सांगावी लागते. तीनशे रुपये वाचवण्यासाठी तरुण मुलामुलींनी हा धोका पत्करावा, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण सरळ मार्ग फारसे महाग नाहीत.

परतीची तारीख ठरलेली नसेल तर पूर्ण परताव्याचे तिकीट घेता येते. ते महाग असते, पण रद्द केल्यावर पैसे परत येतात. मात्र परतावा कार्डावर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तेवढी रक्कम अडकून राहील हे धरून चालावे. विमान कंपनीचे पॉइंट साठलेले असतील तर त्यांवर काढलेले तिकीट बहुधा किरकोळ शुल्कात रद्द होते, आणि तेही पक्केच तिकीट असते. आणखी एक साधा उपाय म्हणजे शेजारच्या देशाचे, जिथे आपल्याला व्हिसाशिवाय शिरता येते तिथले, स्वस्त कंपनीचे एकेरी तिकीट. ते वाया गेले तरी नुकसान मर्यादित असते. मात्र वाया घालवायचे ठरवले तरी मुदतीच्या आत देश सोडायचाच असतो. तिकीट हा केवळ पुरावा आहे, मुदत ओलांडल्याचा दंड आणि बंदी त्याने टळत नाही.

निघण्यापूर्वी करायची दोन कामे त्या नाशिकच्या जोडप्यामुळे माझ्या कायमच्या लक्षात राहिली. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते पाहावे, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानंतर नव्या कार्डांवर ही सोय आपणहून सुरू करावी लागते. आणि तिकीट, हॉटेलचे आरक्षण, व्हिसाचे पत्र हे सगळे मोबाइलमध्ये असले तरी छापूनही न्यावे. परक्या विमानतळावर उतरल्या उतरल्या सिमकार्ड चालत नाही आणि ई-मेल उघडत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे.

तरीही काउंटरवर अडवले गेलेच, तर आवाज न चढवता, स्क्रीनवरची नेमकी ओळ वाचून दाखवायला सांगावी. अनेकदा आपले नागरिकत्व किंवा रहिवास चुकीचा भरला गेलेला असतो आणि तो दुरुस्त होताच उत्तर बदलते. दुसऱ्या कंपनीचे पुढचे तिकीट काउंटरवरच्या यंत्रणेत दिसत नसेल तर तेरा आकडी क्रमांक दाखवावा, आणि गरज पडली तर ड्युटी मॅनेजरला बोलावण्याची विनंती करावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, म्हणून या सगळ्यासाठी हातात वेळ असावा. तिथल्या तिथे परताव्याचे तिकीट काढावे लागलेच, तर पैसे कापल्याचा एसएमएस पुरेसा नसतो, तिकीट क्रमांकाचा ई-मेल येईपर्यंत थांबावे लागते. आणि बेत बदलून ते तिकीट पुढे रद्द करायचे असेल, तर तिकडच्या इमिग्रेशनचा शिक्का पासपोर्टवर बसल्यानंतरच करावे, कारण तोच प्रश्न त्या खिडकीवर पुन्हा विचारला जाऊ शकतो, आणि तेव्हा दाखवलेले तिकीट खरोखर चालू असावे लागते.